पर्याय नसलेला माणूस

२०२२ च्या चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, दुसरा दिवस. निर्यातीची ऑर्डर तुंबली होती म्हणून कारखान्यात एक ब्लिस्टर लाइन, म्हणजे औषधाच्या गोळ्या पट्टीत बंद करणारी मशीन, चालू ठेवली होती. चवथीला आमच्याकडे शिफ्ट ख्रिस्ती सहकारी आणि परराज्यांतून आलेली मंडळी सांभाळतात, नाताळला आम्ही. गोव्यात हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, पण पाळलं जातं. साडेअकराच्या सुमारास फोन आला: लीक टेस्ट फेल, सलग तीनदा. आमच्याकडे आरती व्हायची होती. मी दुसरा विचार न करता एक नंबर लावला.

"मेस्त्री, जरा यावं लागेल."

पलीकडे घुमटं आणि झांजा वाजत होत्या. थोडा वेळ नुसता तोच आवाज. मग, "येतो सायबा."

सत्तरी तालुक्यातल्या त्यांच्या गावापासून कारखाना वीसेक किलोमीटर. पावसात स्कूटर हाणत आले, कपाळावरचं गंध ओघळून भुवईवर आलेलं. कपडे बदलून, टोपी-मास्क चढवून आत गेले. मीही पोचलो होतो.

लीक टेस्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. गोळ्यांच्या पट्ट्या मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात बुडवून व्हॅक्यूम देतात आणि मग सोडतात. पट्टीचं सील कुठे उघडं असेल तर निळं पाणी खळगीत शिरतं. शिफ्टवरच्या पोरांनी सीलिंगचं तापमान वाढवलं होतं, दाब वाढवला होता, फॉइलचा रोल बदलला होता. मेस्त्रींनी यातलं काहीच केलं नाही. मशीन बंद करून प्लेट निवायला ठेवल्या, खिशातून कार्बन पेपर काढला, पांढऱ्या कागदावर ठेवून दोन प्लेटांमध्ये घातला आणि प्लेटा मिटवून उघडल्या. कागदावर जाळीदार ठसा उमटला होता. सगळीकडे ठळक, डाव्या कोपऱ्यात मात्र फिका. "हांगा पळय," ते कुणालाच न उद्देशून म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून खालच्या प्लेटच्या त्या कोपऱ्याखाली शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, सरकवायला लागले. त्यांचा खांदा आडवा होता. कितीची शिम घातली ते कुणालाही दिसलं नाही.

सव्वा तासात लाइन चालू. मी आभार मानले. हात पुसत ते म्हणाले, "आई विचारत होती, तुझ्या कारखान्यात दुसरो मनीस ना?"

हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. होंडा-पिसुर्ले पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात मी मेंटेनन्स सांभाळतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. मेस्त्रींना सगळे मेस्त्रीच म्हणतात, त्यामुळे तिथे काही लपवावं लागत नाही.

आधी माझी चूक

चवथीनंतरच्या आठवड्यात मी मेस्त्रींची फाइल काढली. सुपरवायझरची जागा त्याआधी दोनदा रिकामी झाली होती आणि दोन्ही वेळा बाहेरून माणूस आणला होता. मेस्त्रींचं नाव यादीत का नव्हतं? डिप्लोमा नाही, हे एक कारण मला ठाऊक होतं. दुसरं कारण माझ्याच अक्षरात सापडलं. सलग तीन वर्षांच्या मूल्यमापनात मी एकच वाक्य लिहिलं होतं: "या लाइनवर त्यांना पर्याय नाही."

मी ते कौतुक म्हणून लिहिलं होतं, मनापासून. एचआरच्या बाईंनी ते व्यवस्थापक वाचेल तसं वाचलं: या माणसाला हलवलं तर लाइन बंद पडेल, तेव्हा हलवू नका. पगारवाढ बरी देत होते, दरवर्षी. पद तेच.

आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं. मेस्त्री होते म्हणून माझे रविवार माझे होते. आपल्या हाताखालच्या माणसाची वाढ खुंटते तेव्हा दरवेळी कुणी दुष्टपणा केलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा वरच्या माणसाला रविवारी झोप हवी असते, एवढंच.

मी त्यांना कँटीनच्या मागच्या व्हरांड्यात चहाला बसवलं आणि सरळ विचारलं: तुम्ही कुणाला शिकवत का नाही? अप्रेंटिस येतात, दरवर्षी येतात. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आम्ही घेतो. पण ती पोरं वर्षभर पाने आणि तेलाचा डबा घेऊन मेस्त्रींच्या मागे फिरतात आणि जाताना प्रमाणपत्र घेऊन जातात. कामाचा गाभा मेस्त्रींच्या पाठीआडच राहतो.

त्यांनी मिरची-भजी मोडली, पण खाल्ली नाही. मग खाणीची गोष्ट सांगितली.

खाणीत शिकलेला धडा

दहावीनंतर ते खाणीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. डंपर, एक्स्कॅव्हेटर, त्यांचे हायड्रॉलिक पंप. दहा-बारा वर्षांत मेस्त्री झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आल्यावर राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिचोली-सत्तरी-सांगे पट्ट्यात त्या वर्षी काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या टायरांतून गवत उगवलं. मेस्त्री तेव्हा आमच्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली आले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. खाणी हळूहळू सुरू झाल्या तसे ते परत गेले, कारण पगार तिथला चांगला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं, १६ मार्चपासून काम पुन्हा थांबलं. मग पुन्हा आमच्याकडे, या वेळी कायम.

इथवर मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"दोन हजार बाराला मी माझ्या हेल्पराला सगळं शिकवलेलं. पंपाचं सेटिंगसुद्धा. चांगला पोर. खाण बंद झाली तेव्हा मशिनं सांभाळायला थोडी माणसं ठेवली. मला काढला, त्याला ठेवला. काम तेच येत होतं, पगार माझ्या अर्ध्यावर. हिशेब बरोबर होता त्यांचा." थोडं थांबून म्हणाले, "आणि ज्या मेस्त्रीने पाठ करून काम केलं, कुणाला दाखवलं नाही, तो शेवटपर्यंत राहिला."

यावर मी काय बोलणार? "ज्ञान दिल्याने वाढतं" वगैरे शाळेच्या फळ्यावरचं वाक्य तोंडावर आलं होतं, ते गिळलं. या माणसाने ज्ञान दिलं होतं आणि त्याची नोकरी गेली होती. मागे पाठ करून काम करणं हा त्यांचा स्वभावदोष आहे, असं आम्ही सगळे समजत होतो. तो त्यांनी मोल देऊन घेतलेला शहाणपणा होता. त्यांना शिकवायला लावायचं तर आधी तो शहाणपणा खोटा ठरावा लागणार होता. आणि तो ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं, आमच्या होतं.

कागद

मी एचआरकडे एक प्रस्ताव घेऊन गेलो. मेस्त्रींनी तीन जणांना तयार करायचं. तिघांपैकी दोघं रात्रपाळीत, मेस्त्री हजर नसताना, पूर्ण चेंजओव्हर, म्हणजे एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मशीनची बदलाबदल, एकट्याने करू लागले की मेस्त्री लाइनवरून सुटतील आणि सुपरवायझरच्या श्रेणीत जातील. शिकवण्याच्या काळात महिन्याला ठरावीक भत्ता. आणि शिकलेला माणूस त्यांच्या जागी आला तरी त्यांचं पद कमी होणार नाही, हे लेखी.

एचआरच्या बाईंची अडचण डिप्लोमाची होती. ती खोटी नव्हती. नियम एकासाठी वाकवला की दुसरे दहा दारात उभे राहतात. तोडगा असा निघाला की मेस्त्रींनी पूर्वानुभवाची मान्यता देणाऱ्या, आरपीएल नावाच्या सरकारी योजनेतून चाचणी देऊन प्रमाणपत्र घ्यायचं. हाताने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याच्या कौशल्याला कागद देणारी ही योजना. तेवढ्याने पद मिळत नाही, पण फाइलला लावायला काहीतरी मिळतं. मेस्त्री चाचणीला गेले, चिडत गेले. "माका विचारता, फायल कशी धरतत!" फायल म्हणजे कानस. पण गेले.

या अटींचं लेखी पत्र मी त्यांना दिलं तेव्हा उभ्याउभ्या दोनदा वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि विचारलं, "सही कुणाची?" मी दाखवली. "बरं." उत्साह म्हणावा असं काही नव्हतं त्या "बरं" मध्ये. पण दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले.

वही

शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, तेलाच्या बोटांनी काळवंडलेली. चार वर्षांची नोंद. प्रत्येक औषधासाठी एक पान, अर्धं मराठी अर्धं कोकणी. "पावसात रोल आदल्या रात्री आत हाडून ठेव." "हे फॉइल आळशी, हळू चालव." "डावा कोपरा दर दोन महिन्यांनी पळय." एका पानावर नुसता आकडा आणि त्याखाली दोन रेघा. तो आकडा काय विचारलं तर म्हणाले, "तो माझा."

मला ती वही खजिना वाटली. क्वालिटीच्या प्रमुखांना ती बघून घाम फुटला. औषध कारखान्यात बॅचशी संबंधित कुठलीही नोंद नियंत्रित, क्रमांक घातलेल्या कागदावरच हवी. खासगी वहीत मशीनची सेटिंग लिहून ठेवणं म्हणजे ऑडिटरच्या हाती काठी देणं. डेटा इंटेग्रिटी, म्हणजे नोंदींचा खरेपणा, हा शब्द आमच्या धंद्यात कुठल्या वजनाने उच्चारला जातो ते आतल्यांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं, वही आत्ताच्या आत्ता जमा करा.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण वही हिसकावून घेतली असती तर पत्रावरची सही फुकट गेली असती. दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरलं: मेस्त्री, मी आणि क्वालिटीचा एक जण बसून पानन् पान वाचायचं. मान्य मर्यादेतली सेटिंग चेंज कंट्रोलमधून, म्हणजे बदलाच्या रीतसर मंजुरीतून, चाचणी बॅच घेऊन, कामाच्या पद्धतीच्या कागदात घालायची. उरलेलं, म्हणजे रोल आत आणणं, कोपरा तपासणं, हे मेंटेनन्सच्या तपासणी यादीत. आणि प्रत्येक नव्या कागदावर 'तयार करणार' या रकान्यात मेस्त्रींचं नाव.

तो रकाना ही माझी कल्पना नव्हे, क्वालिटीवाल्यांची. सगळ्या प्रकरणात ज्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला ती गोष्ट तीच, असं आज वाटतं. आयुष्यभर ज्याचं नाव हजेरीपटाबाहेर कुठे छापलं गेलं नव्हतं, त्याचं नाव लाइनवर लॅमिनेट करून टांगलं गेलं. मेस्त्री येता-जाता तिकडे बघायचे नाहीत. न बघण्याचा जरा जास्तच प्रयत्न करायचे.

त्या आकड्याचा उलगडाही तेव्हा झाला: पाच शतांश मिलिमीटर. चवथीच्या शिमची जाडी.

हात मागे

तिघं शिकाऊ निवडले. एक केरीची मुलगी, होंड्याच्या आयटीआयमधून फिटर झालेली. एक पेडण्याचा मुलगा, इलेक्ट्रिशियन. तिसरा आमच्याच युटिलिटीतला जुना हेल्पर, त्याचं लवकरच कळलं की त्याला ब्लिस्टरमध्ये रस नाही, बॉयलर बरा. त्याला परत बॉयलरवर पाठवलं, तो खूश, आम्हीही.

पहिला महिना वाया गेला. मेस्त्री शिकवत होते म्हणजे पोरांना जवळ उभं करून स्वतः काम करत होते. मुलीने विचारलं, "शिम एवढीच का?" उत्तर: "आधी हात काळे कर." हे उत्तर तिला आयटीआयपासून तोंडपाठ होतं. तिने माझ्याकडे तक्रार केली नाही, पण वहीत प्रश्न लिहायला लागली. ती वही मी पाहिली. चाळीस प्रश्न, एकाही उत्तराशिवाय.

मग मी एक नियम घातला, मेस्त्रींशी आधी बोलून: चेंजओव्हरच्या वेळी मेस्त्रींनी हात मागे बांधायचे. मशीनला बोट लावायचं नाही. विचारायचं मात्र हवं तेवढं. स्टूलवर बसायचं. पहिल्या रात्री मी मुद्दाम थांबलो. जे काम मेस्त्री तासाभरात उरकत, त्याला दोघा पोरांना चार तास लागले. मेस्त्रींची बोटं मागे एकमेकांत गुंतलेली, अंगठा अंगठ्यावर घासत होते. दोनदा उठले, दोनदा बसले. एकदा पोराने पाना उलटा धरला तेव्हा त्यांच्या तोंडून कोकणीतली एक अस्सल शिवी निघाली, ती इथे देत नाही.

पण त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला. "कार्बनवर काय दिसता?" मुलगी म्हणाली, डावा कोपरा फिका. "मग?" ती म्हणाली, शिम. "शिम घातलीस आणि उद्या परत फिका झाला तर?" ती गप्प. तेही गप्प. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "मग दोष प्लेटचा नाही, प्लेट ज्यावर बसलीय त्याचा." मेस्त्री काही बोलले नाहीत. सकाळी मात्र मला म्हणाले, "पोरीचं डोकं चलता."

उत्पादन प्रमुख माझ्यावर भडकले होते, चार तासांच्या हिशेबावरून. त्यांना मी एवढंच सांगितलं की चवथीला मेस्त्री आले नसते तर किती तास गेले असते ते धरा. ते पटलं असं नाही, पण पुढच्या तीन महिन्यांसाठी त्यांनी दर आठवड्याला एक चेंजओव्हर सावकाश होऊ दिला. शिकवायला वेळ लागतो हे सगळे मान्य करतात. तो वेळ कुणाच्या आकड्यातून कापायचा, यावर मात्र गाडी अडते.

आणखी एक गोष्ट घडली, जी कुणी ठरवली नव्हती. सुपरवायझरला शिफ्टचा अहवाल संगणकावर भरावा लागतो, ईमेल लिहावी लागते. मेस्त्रींना याचीच खरी धास्ती होती. पदाला नको म्हणण्याची तयारीही, मला वाटतं, याच भीतीपोटी होती. ते काम मुलीने केलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवून, पाठ न करता. "मेस्त्री, हात मागे," असं ते कीबोर्डवर उगाच काही दाबायला गेले की ती म्हणायची. त्यांनी पहिला अहवाल मोबाइलवर मराठीत बोलून टाइप केला, तिने तो साच्यात बसवला. दहाव्या अहवालाला तिची गरज उरली नाही.

कोण कुठे पोचलं

मे २०२३ मध्ये पेडण्याच्या मुलाने राजीनामा दिला. मोपाचा विमानतळ त्याच वर्षी जानेवारीत प्रवासी विमानांसाठी खुला झाला होता, आणि तिथे सामान वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या देखभालीचं काम त्याला मिळालं. घरापासून पंधरा मिनिटं. आमच्याकडे तो दीड तास बसने यायचा.

मेस्त्रींना हे लागलं. "शिकवला आणि उडाला." आठ दिवस ते मुलीशीही तुटक वागले. त्यांच्या मनात पुन्हा २०१२ उभं राहिलं असावं, फक्त या वेळी जाणारा शिकलेला होता. मी समजावत बसलो नाही. मुलगा निरोप घ्यायला आला तेव्हा त्यांच्यासाठी लाडू घेऊन आला आणि म्हणाला, तिथे इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलं, बेल्ट एका बाजूला सरकतो तर काय बघशील? मी म्हटलं, कार्बनचा ठसा घेतात तसं आधी रोलर समांतर आहे का ते बघेन. "त्यांना कार्बन कळला नाही, पण नोकरी दिली." मेस्त्री हसले. लाडू मात्र सगळ्यांना वाटले, स्वतः घेतला नाही.

मी याला नुकसान धरत नाही. दोनांची अट होती, त्यातला एक गेला, आणि एचआरने नियमावर बोट ठेवलं: दोघं तयार नाहीत, म्हणून बढती नाही. इथे मी पहिल्यांदा खरोखर भांडलो. मुलाने जायच्या आधी मेस्त्री नसताना सहा चेंजओव्हर केले होते, नोंदी होत्या. अट 'तयार करणं' ही होती, 'टिकवून धरणं' ही नव्हती. टिकवून धरणं कंपनीचं काम, पगाराने आणि बसने. शेवटी पत्रातलं वाक्यच कामाला आलं, कारण ते लेखी होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेस्त्री सुपरवायझर झाले, श्रेणी एक पायरी कमी. ती पायरी मला आजही खुपते.

मुलीचं काय, हा प्रश्न मला जास्त वेळा विचारला जातो. ती आता लाइनची मुख्य टेक्निशियन आहे. आणि म्हणूनच मी तिच्या मूल्यमापनात पर्याय नाही असं लिहिलेलं नाही. दोन नवे अप्रेंटिस तिच्या हाताखाली दिले आहेत, पहिल्याच वर्षी, ती तक्रार करत असतानाही. आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट असते. मये इथलं सरकारी पॉलिटेक्निक तिच्या घरापासून फार लांब नाही. पण ते शिक्षण पूर्ण वेळ, म्हणजे नोकरी सोडायची. घरात कमावणारी ती एकटी. मी तिला 'कर' असं म्हणालो, मेस्त्री 'नको' म्हणाले, आणि आम्हा दोघांनाही तिने सांगितलं की निर्णय तिचा आहे, कळवेल. दोन वर्षं बिनपगारी रजा देऊन परत घ्यावं, असा अर्ज मी वर पाठवला आहे. उत्तर यायचं आहे.

लिलावात गेलेल्या खाणींच्या गटांपैकी डिचोलीचा गट २०२४ मध्ये सुरू झाला आणि जुन्या ओळखीतून मेस्त्रींना फोन आला: वर्कशॉपला माणूस हवा, पगार तुमचा तुम्ही सांगा. मला हे त्यांनीच सांगितलं, कँटीनच्या त्याच व्हरांड्यात. मी विचारलं, मग? ते म्हणाले, "एका खाणीत दोनदा पडलो. तिसऱ्यांदा पडायला पाय नाहीत." पण त्या फोनचा त्यांना आनंद झाला होता हे स्पष्ट दिसत होतं. नंतर कळलं की त्यांनी तिथे एक नाव सुचवलं. २०१२ मध्ये ज्याला ठेवलं होतं त्याच हेल्पराचं.

त्या वर्षीच्या चवथीला लाइन पुन्हा चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. शिफ्टवरून असेल म्हणून धावलो. मेस्त्री होते. मागे घुमटं.

"लायन चलता मू?"

"चालू आहे. सकाळी लीक टेस्ट फेल होती, तिने लावली मार्गी."

"कार्बन घातला?"

"घातला."

"कुठला कोपरा?"

मी मुलीचा निरोप पुन्हा वाचला. "उजवा."

घुमटं थांबली होती, कुणीतरी त्यांना आत हाक मारत होतं. "उजवो?" ते म्हणाले. "उजवो कधीच नसतो. बेअरिंग गेलं असणार खालचं." मी म्हटलं, थांबा, तिला आत्ताच कळवतो.

"नको, सायबा," मेस्त्री म्हणाले. "सांगू नका. सांजेपर्यंत तिला सापडतलं."